सोळा मिनिटं आणि चार तास एकाच रकान्यात मोजू नका

प्रति,
विमान कंपन्यांचे वेळापत्रक विभाग
आणि देशोदेशीचे नागरी उड्डाण नियामक

महोदय, महोदया,

तुमच्या कंपनीची किती टक्के विमानं वेळेवर पोहोचतात, हा आकडा तुम्ही नियमाने जाहीर करता. चांगला आला की जाहिरातीतही छापता. पण तिकीट काढताना मला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. मी ज्या मार्गावरचं, ज्या वेळेचं उड्डाण निवडतोय, ते गेल्या हंगामात किती वेळा दोन तासांहून जास्त रखडलं? किती वेळा चार तासांहून जास्त? किती वेळा निघालंच नाही? ही माहिती तुमच्याकडे मिनिटामिनिटाची आहे. विमान गेटवरून कधी हललं, चाकं जमिनीवरून कधी सुटली, कधी टेकली आणि दुसऱ्या टोकाच्या गेटला ते कधी लागलं, या चारही वेळांची नोंद होते. उशीर झाला तर त्याच्या कारणाचा कोडही पडतो. ही नोंद प्रवाशाने पैसे भरण्याआधी त्याच्यासमोर ठेवा, हे मागण्यासाठी मी लिहितोय.

आधी मोजमापाबद्दल. विमान ‘वेळेवर’ म्हणजे ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत, असा हिशेब बहुतेक ठिकाणी धरला जातो. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना १९८७पासून हा तपशील सरकारला द्यावा लागतो आणि तिथेही निकष १५ मिनिटांचाच आहे. त्या निकषावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो पंधराव्या मिनिटानंतर मोजणं सोडून देण्यावर. सोळाव्या मिनिटाला पोहोचलेलं विमान आणि चार तासांनी, मध्यरात्र उलटल्यावर पोहोचलेलं विमान, दोन्ही या हिशेबात सारखीच उशिरा आलेली. समजा दोन मार्ग आहेत आणि दोन्हींचा वक्तशीरपणा ८० टक्के आहे. एका मार्गावर उरलेली उड्डाणं वीस-पंचवीस मिनिटं मागे पडतात, दुसऱ्यावर तीन-तीन तास. पहिल्या मार्गावरच्या प्रवाशाचं फारसं काही अडत नाही. दुसऱ्यावरच्याचं पुढचं विमान सुटतं, परीक्षा बुडते, डॉक्टरांची महिन्याभरापूर्वी घेतलेली वेळ जाते, कुणाचा अंत्यविधी चुकतो. तक्त्यात मात्र दोन्ही मार्गांसमोर आकडा तोच.

आणि जास्त रखडणारे मार्ग ही काही नशिबाची गोष्ट नाही. ते कोणते आणि का रखडतात, हे तुम्हाला माझ्याहून कितीतरी जास्त ठाऊक आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचंच बघा. तिथे उतरण्याच्या दोन समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषांमध्ये जेमतेम ७५० फुटांचं अंतर आहे. आकाश मोकळं असलं की वैमानिक शेजारचं विमान डोळ्यांनी बघत जोडीजोडीने उतरत आले. उन्हाळ्यात पॅसिफिकवरून खाली ढग सरकून आले की ते बंद, आणि एकामागून एक अशी एकच रांग उरते. उतरण्याची क्षमता जवळपास निम्म्यावर येत आली आहे. हे ढग अचानक येत नाहीत, दर उन्हाळ्यात येतात, बहुतेकदा सकाळी येतात आणि दुपारकडे विरतात. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला दोनच धावपट्ट्या, प्रत्येकी सुमारे ७,००० फुटांच्या, आणि त्याही एकमेकींना छेदणाऱ्या. शेजारी केनेडी आणि न्यूअर्क. तिन्ही विमानतळांचं आकाश एकमेकांत इतकं गुंतलेलं की उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळच्या वादळाने तिन्हींकडे येणारे मार्ग एकदम आखडतात. तिथल्या गर्दीवर मर्यादा घालायचा पहिला नियम १९६९चा, म्हणजे दुखणं किती जुनं आहे ते कळेल. लंडनचा हीथ्रो दोन धावपट्ट्यांवर वर्षाला ४,८०,००० उड्डाणांच्या मर्यादेला टेकून चालतो. असा भरलेला विमानतळ सकाळी अर्धा तास मागे पडला, तर ते भरून काढायला दिवसात रिकामी जागाच सापडत नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते. दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं असतं. दक्षिण कोरियात सोल ते जेजू बेट हा जगातल्या सर्वांत गर्दीच्या हवाई मार्गांपैकी एक. उड्डाण तासाभराचं, पण बेटावरचा वारा आणि हिवाळ्यातला बर्फ यांच्यावर कुणाचा ताबा नाही. जानेवारी २०१६मध्ये तो विमानतळ जवळपास दोन दिवस बंद राहिला आणि हजारो प्रवासी बेटावर अडकून पडले.

यात एक गोष्ट बहुतेक प्रवाशांना माहीत नसते आणि तुम्ही ती कधी सांगत नाही. रखडपट्टीचा मोठा भार कमी अंतराच्या उड्डाणांवर पडतो. मुक्कामाच्या विमानतळाची क्षमता घटली की विमानांना हवेत घिरट्या घालायला लावण्यापेक्षा निघण्याआधीच जमिनीवर थांबवतात. सुरक्षेच्या आणि इंधनाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण थांबवायचं कुणाला? पाच तासांपूर्वी निघालेलं विमान महासागरावर आहे, ते थांबवता येत नाही. मग तासाभराच्या अंतरावरून यायचं जे विमान अजून गेटवरच आहे, ते थांबतं. लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेला माणूस तासाभराच्या प्रवासासाठी दोन-दोन तास बसून राहतो, त्यामागे हेच गणित असतं. युरोपातही फार लांबून येणारी उड्डाणं या थांबवण्यातून वगळलेली असतात आणि जवळच्यांना उड्डाणाची नेमकी वेळ ठरवून मिळते. त्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत चाकं सुटली पाहिजेत. आता एक प्रवासी बोर्डिंगला आलाच नाही, म्हणून त्याची बॅग शोधून उतरवायची आहे. त्या कामात बारा मिनिटं गेली. दरवाजा बंद, सगळे पट्टे लावून बसलेले, आणि हातातली वेळ गेलेली. नवी वेळ मिळते ती पाऊण तासाने. बारा मिनिटांचा तासभर झाला.

शिवाय क्षमता कापली गेली की हाताशी उरलेल्या वेळा कुठल्या उड्डाणाला द्यायच्या, हे बऱ्याच अंशी तुम्हीच ठरवता. मोठं विमान, पुढे कनेक्शन असलेले दोनशे प्रवासी, त्याला आधी सोडायचं. छोट्या गावाला जाणारं पन्नास-साठ जणांचं विमान मागे ठेवायचं, नाहीतर रद्द करायचं. एकूण नुकसान कमी व्हावं म्हणून असं करावं लागतं, हे मी समजू शकतो. पण वर्षभर त्याच त्या छोट्या मार्गांवर हा वार बसणार असेल, तर त्या मार्गाचं तिकीट घेणाऱ्याला ते आधी कळण्याचा हक्क आहे. त्या गावाला दिवसात दोनच उड्डाणं असतात. दुसरं रद्द झालं की रात्र विमानतळावर.

आता कोड ९३बद्दल. उशिराच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय यादीत हा क्रमांक ‘विमानच आधीच्या फेरीवरून उशिरा आलं’ यासाठी आहे. अमेरिकेत आणि युरोपात उशिराच्या मिनिटांतला फार मोठा वाटा याच कारणाचा असतो. युरोपात तर मागच्या फेऱ्यांमधून पुढे आलेला उशीर एकूण उशिराच्या निम्म्याच्या आसपास जातो. एका छोट्या जेटचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी सहाला पहिलं उड्डाण, रात्री अकरापर्यंत पाच किंवा सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर उभं राहायला पस्तीस-चाळीस मिनिटं. तेवढ्यात प्रवासी उतरायचे, सफाई, इंधन, सामान, नवे प्रवासी चढायचे. दुसऱ्या फेरीला वादळाने पन्नास मिनिटं खाल्ली. तिसरीला ते पन्नास तसेच, वर ठरलेली वेळ हुकल्याने आणखी वीस. चौथ्या फेरीच्या विमानतळावर गेट रिकामं नाही, विमान टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टी आणि गेट यांच्यामधल्या रस्त्यावर, उभं. पाचव्या फेरीपर्यंत वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपत येतात, बदली क्रू दुसऱ्या शहरातून यायचा आहे. रात्री साडेआठच्या सहाव्या फेरीसाठी गेटवर बसलेल्या माणसाच्या शहरात दिवसभर लख्ख ऊन होतं. तो जिथे चाललाय तिथेही ऊन होतं. त्याचा उशीर सकाळी नऊ वाजता, त्याने नावही न घेतलेल्या तिसऱ्याच शहरात जन्मलेला असतो.

आणि हे तुम्हाला दुपारीच दिसत असतं. विमान कुठे आहे, किती मागे आहे, तुमच्या नियंत्रण कक्षात ते पडद्यावर असतं. तरी गेटवरच्या बोर्डावर उशीर हप्त्याहप्त्याने येतो. आठ चाळीसचं नऊ दहा होतं, मग नऊ पंचेचाळीस, मग साडेदहा. अशाच एका गेटवर माझ्या शेजारी एक आजोबा होते, रात्रीचं इन्सुलिन चेक-इन केलेल्या बॅगेत गेलेलं. पहिली घोषणा झाली तेव्हाच ‘तीन तास’ असं सांगितलं असतं, तर त्यांना विमानतळाच्या वैद्यकीय कक्षात जाऊन सोय करून घेता आली असती. पण दर वेळी अर्ध्याच तासाचा प्रश्न होता, म्हणून ते उठले नाहीत. काउंटरवरची मुलगी सौजन्याने बोलत होती, तिच्या पडद्यावर जेवढं येत होतं तेवढंच ती सांगत होती. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्यापर्यंत खरी वेळ न पोहोचवण्याची पद्धत वरून आलेली आहे.

‘सकाळचं पहिलं विमान घ्या’ हा सल्ला सगळे देतात. बहुतेक मार्गांवर तो बरोबरही आहे, कारण विमान रात्रभर तिथेच उभं असतं आणि मागून ओढून आणायला उशीर नसतो. पण धुक्याच्या मार्गांवर तो उलटा पडतो. हिवाळ्यातल्या दिल्लीत किंवा उन्हाळ्यातल्या सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचीच वेळ सर्वांत अवघड, तर दुपारी एकचं उड्डाण त्यामानाने निर्धास्त. दिल्लीच्या धावपट्टीवर अगदी कमी दृश्यमानतेत उतरण्याची यंत्रणा आहे, पण विमानही तसं सज्ज लागतं आणि वैमानिकही त्यासाठी प्रशिक्षित लागतात. शिवाय दुसऱ्या टोकाच्या विमानतळावर तशी यंत्रणा नसेल आणि तिथेही धुकं असेल, तर उपयोग काय? सर्वसाधारण सल्ल्याने म्हणूनच भागत नाही. मार्ग, महिना आणि दिवसातली वेळ या तिन्हींची मिळून नोंद दिसली, तरच प्रवाशाला शहाणपणाने निवड करता येते.

आकाश बंद झाल्याने लांबलेले मार्ग वेगळे, आणि त्यांच्याबाबत तुम्ही बराच प्रामाणिकपणा दाखवला आहे, हे मान्य करायला हवं. २०२२मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर हेलसिंकीहून टोकियोला साडेनऊ तासांच्या जागी तेरा तासांच्या आसपास लागू लागले आणि वेळापत्रकात तसं छापलंही गेलं. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांचंही तसंच झालं. नकाशा बदलला की वेळ बदलता येते, हे यातून दिसलंच आहे.

पण वेळ वाढवण्याची एक वाईट रीतही आहे, आणि माझ्या मागणीला उत्तर म्हणून तुम्ही ती वापराल अशी मला धास्ती वाटते. हवेत सव्वा तास लागणाऱ्या उड्डाणाला गेट ते गेट दोन तास दहा मिनिटं द्यायची. काही विमानतळांवर विमानाला गेटवरून धावपट्टीपर्यंत जायलाच खरोखर अर्धा तास जातो, तिथे हे रास्त आहे. पण निव्वळ टक्केवारी सुधारावी म्हणून कोंबलेली वीस मिनिटं लांबच्या उशिराला काहीच करत नाहीत. पंचवीस मिनिटांचा उशीर त्यात दिसेनासा होतो, चार तासांचा तीन तास चाळीस मिनिटं होतो. आणि जे सुरळीत पोहोचतात त्यांना गेट रिकामं नाही म्हणून विमानात बसून राहावं लागतं.

कायद्याने काहीच झालेलं नाही असं नाही. युरोपात २००४च्या नियमाने प्रवाशाला २५० ते ६०० युरो भरपाई मिळते. तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाल्यास ती लागू होते, असं न्यायालयाने २००९मध्ये ठरवलं. उशीर कुठवर मोजायचा, यावर २०१४मध्ये निकाल आला की विमानाचा किमान एक दरवाजा उघडून प्रवाशांना उतरता येईल तो क्षण धरायचा, चाकं टेकली तो नव्हे. माणूस किती वेळ अडकून होता, हे न्यायालयाने माणसाच्या बाजूने पाहिलं, याचं मला फार मोल वाटतं. तरी वादळ, धुकं, हवाई नियंत्रणाचे निर्बंध यांना अपवादात्मक परिस्थिती म्हणून सूट मिळते. परिणाम असा की जे मार्ग याच कारणांनी सर्वांत जास्त रखडतात, तिथल्या प्रवाशाला भरपाईही नाही आणि पूर्वसूचनाही नाही. एका दिवसापुरतं वादळ अपवादात्मक असेल. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच तासांना येणारं धुकं वेळापत्रक आखताना गृहीत धरायची गोष्ट आहे. भरपाईबद्दल कायदा काहीही म्हणो, ते झाकून तिकीट विकायला काय आधार आहे?

अमेरिकेचा नियम माझ्या मागणीच्या जास्त जवळ जातो. देशांतर्गत उड्डाण महिन्यात किमान दहा वेळा होत असेल आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा ३० मिनिटांहून अधिक उशिरा पोहोचत असेल किंवा रद्द होत असेल, तर ते सततचं उशिराचं उड्डाण ठरतं. सलग चार महिन्यांनंतरही ते तसंच विकत राहिलं, तर ती प्रवाशांची फसवणूक मानली जाते. तिथे मोठ्या कंपन्यांना संकेतस्थळावर प्रत्येक देशांतर्गत उड्डाणाची मागच्या महिन्याची कामगिरीही द्यावी लागते. पाया उत्तम आहे, पण अपुरा. मागचा महिना जूनचा, आणि मी तिकीट काढतोय डिसेंबरचं. एकतीस मिनिटं आणि पाच तास इथेही एकत्रच. आणि दोन देशांमधली उड्डाणं यात येतच नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट करतो. उड्डाण निवडताना, भाड्याच्या शेजारी, त्याच मार्गावरच्या त्याच वेळेच्या उड्डाणाची मागच्या वर्षीच्या त्याच हंगामातली नोंद दिसू द्या: अर्ध्या तासाच्या आत किती, दोन तासांच्या पुढे किती, चार तासांच्या पुढे किती, रद्द किती. सरासरी नको, कारण सरासरीत चार तास विरघळून जातात. कारणंही ढोबळ गटांत द्या, म्हणजे विमानतळाच्या अपुऱ्या धावपट्ट्यांचा दोष कंपनीच्या माथी बसणार नाही. ही तुमची रास्त भीती आहे आणि तिच्यावर उपाय उजेडच आहे. नव्या मार्गाला इतिहास नसेल, तर त्या दोन विमानतळांमधल्या इतर उड्डाणांची नोंद द्या. आठवड्यातून एकदाच जाणाऱ्या उड्डाणाचे आकडे कमी भरतील, तर तसं लिहा. प्रवाशाला तेवढं समजतं.

कनेक्शन विकतानाही हीच नोंद वापरा. दोन उड्डाणांमधला किमान वेळ साधारणपणे विमानतळ आणि टर्मिनल बघून ठरवतात. येणारं उड्डाण किती वेळा तासभर रखडतं, हे त्यात मोजलं जात नाही. जे संध्याकाळचं उड्डाण पाचात एकदा दीड तास उशिरा येतं, त्याच्यामागे पन्नास मिनिटांनी सुटणारं दिवसातलं शेवटचं विमान जोडून एकाच तिकिटात विकू नका. पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी तुम्ही घेता हे खरं, पण ते पुढचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी असतं.

जे मार्ग या नोंदीत वारंवार खाली राहतील, तिथे शेवटच्या दोन फेऱ्यांच्या आधी विमानाला जास्त उसंत द्या, तळावर एक विमान आणि एक क्रू राखीव ठेवा. महाग आहे, मला कल्पना आहे. उभं विमान कमावत नाही. आज तो खर्च वाचतो तेव्हा त्याची किंमत गेटवरचा माणूस त्याच्या वेळेने मोजतो, आणि ती तुमच्या ताळेबंदात कुठेच येत नाही.

नियामकांना वेगळं सांगायचं ते इतकंच, की हे कंपन्यांच्या मर्जीवर सोडू नका. जी कंपनी एकटी पुढे येऊन आपले रखडणारे मार्ग दाखवेल, तिचे प्रवासी न दाखवणाऱ्या कंपनीकडे जातील, मग त्या कंपनीची कामगिरी आणखी वाईट का असेना. नियम सगळ्यांना एकाच दिवशी लागू झाला, तरच प्रामाणिक कंपनीला त्याचा फायदा होईल. तिकिटं विकणाऱ्या मध्यस्थ संकेतस्थळांनाही तो लागू करा, कारण बरीच तिकिटं तिथूनच विकली जातात. आणि १५ मिनिटांच्या टक्केवारीसोबत दोन तासांची आणि चार तासांची टक्केवारी मार्गानुसार प्रसिद्ध करायला आजच सुरुवात करा. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, जमा झालेल्या नोंदीत दोन रकाने वाढवावे लागतात.

तुमची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. पुढच्या हंगामाची तिकिटं विक्रीला उघडाल, तेव्हा निदान सर्वांत जास्त रखडणाऱ्या मार्गांपुरती ही नोंद तिथे असावी. ते जमणार नसेल तर का जमणार नाही, हे जाहीरपणे लिहा.

आपला,
एक विमानप्रवासी